भाजी-किराण्याला घरची पिशवी: शिवण्यापासून धुण्यापर्यंत

ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, कापडी पिशवी नाही असं घर शोधून सापडणार नाही. साडीच्या दुकानातल्या, हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या, प्रदर्शनातून आणलेल्या पिशव्यांचा दाराच्या खुंटीवर ढीग असतो. तरी संध्याकाळी स्टेशनबाहेर मेथीची जुडी घेताना हात रिकामाच असतो. कारण भाजी आपण ठरवून घेत नाही. गाडीतून उतरलो, ताजी दिसली, घेतली. त्यामुळे नवी पिशवी आणण्याआधी सोडवायचा प्रश्न एकच आहे: नेमक्या त्या क्षणी पिशवी आपल्याजवळ कशी असेल? पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

राज्यात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड आहे. पातळ पिशव्या तरीही मिळतात, आपण घेतो, आणि त्या नाल्यांवाटे खाडीत जातात. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात, आणि ओहोटीला त्याच खाडीकाठी खारफुटीच्या मुळांना गुंडाळलेल्या पिशव्या दिसतात. आपल्याच स्वयंपाकघरातून गेलेली वस्तू आहे ती, म्हणून ती थांबवणंही आपल्या हातात आहे.

आधी घरातलं बाहेर काढा

सगळ्या पिशव्या जमिनीवर ओता आणि प्रत्येकीची कड चिमटीत धरून पाहा. धागा सुटत असेल तर ते विणलेलं कापड. धागाच नसेल, कागदासारखा दाबलेला पोत असेल, तर ती नॉन-वोव्हन पिशवी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लास्टिकच. दुकानदार तिला 'कापडी' म्हणून देतात. घरात आहे तोवर ती जरूर वापरा, पण नवी घेऊ नका. थोडी जुनी झाली की तिचा भुगा पडायला लागतो.

नवी सुती पिशवी विकत घेण्याचीही घाई नको. कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला पाणी आणि वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये हिशेब मांडला होता. पातळ प्लास्टिक पिशवी एकदाच वापरून टाकली, तर हवामानावरच्या परिणामात तिच्याशी बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. आठवड्यातून दोनदा बाजार धरला तर सव्वा वर्ष झालं. घरात आधीच असलेल्या जुन्या कापडाचा खर्च मात्र केव्हाच होऊन गेलेला असतो. म्हणून माझं ठाम मत आहे की सगळ्यात चांगली पिशवी जुन्या चादरीची, पडद्याची किंवा जीन्सची.

एक दणकट पिशवी शिवा

मशीन नसेल तर कापड आणि मापं घेऊन कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्या ताईंकडे जा. मशीन असेल तर एका दुपारचं काम आहे.

90 सेंटिमीटर लांब आणि 42 सेंटिमीटर रुंद असा एकच तुकडा कापा. मधोमध दुमडला की दुमड हाच पिशवीचा तळ होतो. तिथे शिवण येत नाही, म्हणून कांदे-बटाट्यांच्या वजनाने तळ उसवण्याची भीती नाही. दोन्ही बाजूंना आधी सुलट बाजूने कडेलगत बारीक शिलाई मारा. मग पिशवी उलटी करून त्याच कडेला, आधीची शिलाई आत झाकली जाईल अशी दुसरी शिलाई घाला. यामुळे आत सुटे धागे राहत नाहीत आणि मिरच्यांचे देठ अडकत नाहीत. तळाचे दोन्ही कोपरे त्रिकोणी ओढून, टोकापासून पाच सेंटिमीटर आत आडवी शिलाई मारली की बूड चौकोनी होतं आणि पिशवी ओट्यावर उभी राहते. तोंडाला दोनदा दुमडून चार सेंटिमीटरची पट्टी करा.

आता धरायचे बंद. पिशवी नेहमी इथेच तुटते, म्हणून इथे कंजुषी करू नका. 60 सेंटिमीटर लांब आणि आठ रुंद अशा दोन पट्ट्या घ्या, चार पदरी दुमडून दोन सेंटिमीटरच्या करा आणि दोन्ही कडांनी शिवा. प्रत्येक टोक तोंडाच्या पट्टीखाली चार सेंटिमीटर उतरवून तिथे चौकोन शिवा, चौकोनात फुली मारा. बंद खांद्यावर अडकेल इतका लांब ठेवला की रिक्षातून उतरताना पैसे द्यायला हात मोकळा राहतो. आतल्या बाजूला तळहाताएवढा एक खिसा लावा. पिशवी घडी करून याच खिशात कोंबायची.

पावसाळ्यासाठी मोडक्या छत्रीचं कापड जपून ठेवा. काड्यांवरून ते टाके उसवून काढता येतं, भिजत नाही आणि पिशवी झाली तरी घडी मुठीत मावते. आपल्याकडे जूनमध्ये घेतलेल्या छत्र्या ऑगस्टपर्यंत मोडतातच, त्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही.

छोट्या पिशव्या विसरू नका

मोठी पिशवी नेऊनही घरी पाच-सहा प्लास्टिकच्या पिशव्या येतात, त्या जवळ छोट्या थैल्या नसतात म्हणून. टोमॅटो एकीत, मटार दुसरीत, लिंबं-मिरच्या तिसरीत. जुन्या मच्छरदाणीच्या जाळीच्या वीतभर-दीडवीत आकाराच्या पाच-सहा थैल्या शिवून तोंडाला नाडी घाला. आतलं दिसतं, माती चाळली जाते, आणि घरी आल्यावर थैलीसकट नळाखाली धरता येते. भाजीवाली तराजूत तोलून मग थैलीत ओतते, त्यामुळे वजनात फरक पडत नाही. मॉलमध्ये वजनाचं लेबल जाळीवर चिकटवतात. ते घरी आल्या आल्या काढा, धुतल्यावर त्याचा गोंद जात नाही.

तांदूळ-डाळींसाठी उशीचा जुना अभ्रा उत्तम, पाच किलो तांदूळ आरामात मावतात. तेल, तूप, गूळ यांना मात्र डबाच लागतो. दुकानदाराला आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. गिरणीत दळण नेताना आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलोय. तिथे डबा न्यायची कुणाला लाज वाटत नाही, मग वाण्याकडेही वाटायला नको.

पिशवी कुठे राहते, त्यावर सगळं ठरतं

खुंटी हे पिशवीचं ठिकाण नव्हे. एक घडी ऑफिसच्या बॅगेत, जेवणाच्या डब्याच्या कप्प्यात. डबा रोज काढला-ठेवला जातो, त्यामुळे पिशवीकडे लक्ष जातं. एक स्कूटरच्या डिकीत. एक घरातल्या ज्या माणसाला "येताना दही आण" असा फोन जातो, त्याच्या बॅगेत. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा, कारण तयारी एकजण करतो आणि खरेदी भलताच.

घरी आल्यावर भाजी काढली की तिथल्या तिथे पिशवी झटका, घडी करा, चपलांजवळ किंवा किल्ल्यांजवळ ठेवा. सकाळी ती जिथून आली तिथे परत जाते. "नंतर ठेवू" म्हटलं की ती खुंटीवर जाते आणि तिथेच राहते.

बाजारात आधी बोला

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात संध्याकाळी विक्रेत्याचा हात फार वेगाने चालतो. तुम्ही पैसे काढेपर्यंत भेंडी प्लास्टिकमध्ये गेलेली असते, आणि मग "नको, काढा" म्हणणं त्यालाही जड जातं. म्हणून भाव विचारतानाच पिशवीचं तोंड उघडून पुढे धरा: "दादा, अर्धा किलो भेंडी, यातच टाका." चार-पाच खेपांनी ओळखीचा भाजीवाला स्वतःच पिशवी मागायला लागतो. त्याचाही खर्च वाचतो आणि दंडाची धास्ती कमी होते.

भरतानाही क्रम ठेवा. तळाला कांदे, बटाटे, दुधी. मग कोबी, गाजर. टोमॅटो आणि पालेभाजी वर. कोथिंबिरीवर पाणी मारलेलं असेल तर जुडी झटकून घ्या.

मासळी, मटण, दही

इथे कापडी पिशवीचा हट्ट धरू नका. घट्ट झाकणाचा, कडी लागणारा स्टीलचा डबा न्या. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात असा किंवा तुमच्या सेक्टरच्या मार्केटात, "मावशी, पाणी निथळून डब्यात टाका" एवढं सांगितलं की पुरे. बोंबलाला पाणी फार सुटतं, म्हणून डबा अर्ध्याहून जास्त भरू नका. लांब जायचं असेल तर त्यातच बर्फाचे खडे मागून घ्या. हा डबा ठेवायची पिशवी वेगळी, गडद रंगाची ठेवा आणि भाजीला ती कधीच वापरू नका.

हे सोवळ्या-ओवळ्यासाठी सांगत नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजाराच्या पिशव्या तपासल्या, तेव्हा बहुतेक लोक त्या कधीच धूत नाहीत असं आढळलं. मांसाचं पाणी लागलेली पिशवी गाडीच्या डिकीत दोन तास राहिली की जंतू दहापट झाले, आणि नुसत्या धुण्याने 99.9 टक्क्यांहून जास्त गेले. मासळीची पिशवी दर वेळी गरम पाणी आणि साबणाने धुवा. भाजीच्या पिशव्या आठवड्याला एकदा कपड्यांबरोबर मशीनमध्ये, उलट्या करून. पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, नाहीतर कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. पंख्याखाली रात्रभर टांगा.

"मग कचऱ्याला पिशवी कुठून आणू?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि तो रास्त आहे. अनेक घरांत भाजीची प्लास्टिक पिशवी केवळ कचऱ्याच्या डब्यासाठी घेतली जाते.

ओल्या कचऱ्याच्या बादलीत वर्तमानपत्राचे दोन पदर आडवे-उभे घाला, तळाला एक जास्तीचा तुकडा. आमटी-भाजीचा रस्सा आधी गाळणीत निथळू द्या. कचऱ्यात घाण वास येतो तो बहुतेक या पाण्यामुळे. सकाळी कागदासकट सोसायटीच्या डब्यात रिकामी करा, बादली विसळून उन्हात पालथी घाला. सुक्या कचऱ्याला तर पिशवी लागतच नाही, एक खोका पुरतो.

घरात साठलेल्या जुन्या प्लास्टिक पिशव्या एकदम फेकून देऊ नका. फाटेपर्यंत वापरा, मग धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्या. दुधाच्या पिशवीचंही तसंच, पण ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. पिशवी भंगारात जाऊ शकते. सुटलेला नखाएवढा तुकडा कुणी वेचत नाही, तो सिंकच्या जाळीतून थेट गटारात जातो.