स्टॅक ओव्हरफ्लोवर पॉइंट कापले जातात, अडकतात, वाढतच नाहीत? या चुका टाळा

"ताई, माझे दीडशे पॉइंट रात्रीतून गेले, अकाउंट हॅक झालं का?" असा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, कधी इंजिनिअरिंगच्या मुलाचा, कधी नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीचा. हॅक वगैरे काही झालेलं नसतं. स्टॅक ओव्हरफ्लोचं रेप्युटेशन (म्हणजे हे पॉइंट) चालतं कसं हे कुणी बसून सांगितलेलंच नसतं, त्यामुळं मुलं त्याला परीक्षेचे मार्क समजून चालतात आणि कापले गेले की रडकुंडीला येतात, नाहीतर साईटच सोडून देतात. सोडून जाणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यातली कितीतरी मुलं खरंच हुशार असतात. म्हणून जे सारखं सारखं विचारलं जातं ते एकदाच इथे लिहून ठेवते.

आधी हिशोब डोक्यात पक्का करा. ही साईट जेफ ॲटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी २००८ साली सुरू केली, प्रोग्रामिंगचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एवढ्यासाठीच. नवीन अकाउंटला १ पॉइंट असतो. तुमच्या उत्तराला कुणी अपव्होट (पसंतीचं मत) दिला की १०, प्रश्नाला दिला तरी १० (प्रश्नाला आधी ५च मिळायचे, नोव्हेंबर २०१९ मध्ये १० केले आणि जुन्या प्रश्नांनाही तोच भाव लावला, त्यामुळं कित्येकांचा आकडा बसल्या जागी वाढला होता). विचारणाऱ्याने तुमच्या उत्तराला हिरवी टिक दिली की १५, आणि टिक देणाऱ्याला २. डाउनव्होट (नापसंतीचं मत) पडला की २ कमी. कितीही मार बसला तरी १च्या खाली कुणी जात नाही.

आता हा आकडा कशाचा? दुकानात नवीन पोरगा कामाला लागला की मालक पहिल्याच दिवशी त्याच्या हातात गल्ल्याची किल्ली देत नाही, आधी माल लावायला सांगतो, मग गिऱ्हाईक बघायला, काही महिने गेले की गल्ला. इथंही तसंच आहे. १५ झाले की तुम्हाला अपव्होट देता येतो, ५० झाले की दुसऱ्याच्या पोस्टखाली कमेंट करता येते, १२५ला डाउनव्होट, २००० झाले की दुसऱ्याची पोस्ट कुणाला न विचारता एडिट करता येते, ३०००ला प्रश्न बंद करायला मत देता येतं, १०,०००ला डिलीट झालेल्या पोस्टसुद्धा दिसायला लागतात. हे आकडे साईटवाले मधूनमधून बदलतात, त्यामुळं हेल्प सेंटरमधलं प्रिव्हिलेजेसचं पान एकदा बघून घ्या. पण मूळ गोष्ट तीच, साईटचा तुमच्यावर किती भरवसा बसलाय त्याचं हे माप आहे, आणि हे लक्षात आलं की पुढच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

दीडशेवाल्या मुलाचं काय झालं

प्रोफाइलमध्ये ॲक्टिव्हिटी, त्यात रेप्युटेशन नावाचा टॅब असतो. मी त्याला तो उघडायला लावला. पंधरा ओळी होत्या, प्रत्येकीसमोर हिरव्या रंगात +१०, सगळ्या एकाच संध्याकाळच्या, आणि त्यांच्यावर दुसऱ्या दिवशीची एकच ओळ, व्होटिंग करेक्टेड, −१५०. मग त्याने सांगितलं की वर्गातल्या चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, एकाने उत्तर टाकलं की बाकीच्यांनी जाऊन अपव्होट द्यायचे असं ठरलेलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, मित्राला मदत करतोय असंच वाटत होतं त्यांना. पण एकाच माणसाने एकाच माणसाला धडाधड मतं दिली की साईटची यंत्रणा ती पकडते आणि परत काढून घेते. उत्तरं चांगली होती की वाईट, ते ती बघतच नाही.

असं झालं असेल तर तक्रार करत बसू नका, काहीही परत मिळत नाही, आणि गरजही नाही. पुन्हा करू नका एवढंच. मित्राचं उत्तर तुम्हाला शोधता शोधता सापडलं, त्याचा उपयोग झाला, तर जरूर मत द्या, एखाद-दुसऱ्या मताने काही होत नाही. त्याचं प्रोफाइल उघडून वरपासून खालपर्यंत मतं देत सुटणं, हे नको. उलटंही होतं बरं का, कुणी चिडून तुमच्या दहा पोस्टना डाउनव्होट मारले तरी तेही असेच परत घेतले जातात, तेव्हा एक दिवस थांबा, भांडायला जाऊ नका.

आणि दुसरं अकाउंट काढून स्वतःलाच मतं देणं हे तर अजिबात करू नका, त्यात सस्पेन्शन लागतं. सस्पेन्शनच्या काळात तुमचा आकडा १ दिसतो, दोन हजार असले तरी १. मुदत संपली की परत येतो. त्यामुळं "ताई सगळेच गेले, फक्त एक राहिलाय" असं कुणी म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, मॉडरेटरचा (साईटवर देखरेख करणाऱ्याचा) मेसेज आलाय का ते बघ.

मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून प्रश्न विचारणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ देते कारण सगळ्यात जास्त मुलं इथूनच परत फिरतात. सोलापूरकडची एक मुलगी, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टसाठी तालुक्यांची यादी पायथनमध्ये वाचत होती. तिने प्रश्न टाकला, शीर्षक "प्लीज हेल्प अर्जंट कोड नॉट वर्किंग", खाली तिरका काढलेला लॅपटॉपचा फोटो, त्यात ट्यूबलाईटचं रिफ्लेक्शन. पाच मिनिटांत दोन डाउनव्होट आणि थोड्या वेळाने प्रश्न बंद. ती इतकी खचली की म्हणाली मला प्रोग्रामिंग जमणारच नाही. मी तिला आधी तिचा आकडा दाखवला. १ होता आणि १च राहिला होता, एकही पॉइंट गेला नव्हता. ज्यांनी डाउनव्होट दिले त्यांना ती कोण, कुठली काही माहीत नाही, त्यांनी मत दिलं ते त्या फोटोला, कारण फोटोतला कोड कुणाला कॉपी करून चालवून बघता येत नाही आणि सर्चमध्येही सापडत नाही.

मग आम्ही फोनवर बसून तो प्रश्न दुरुस्त केला. फोटो काढून टाकला, कोडच्या चारच ओळी टाईप करून घेतल्या, आणि एररची पूर्ण ओळ जशीच्या तशी. ती ओळ सांगत होती की चारमॅप कोडेकला (बाइटवरून अक्षर ओळखणाऱ्या भागाला) झिरो-एक्स-एट-डी हा बाइट वाचता येत नाही. तिने अजून एक गोष्ट लिहिली जी तिला आधी महत्त्वाची वाटलीच नव्हती, की यादीत सोलापूर, पंढरपूर, करमाळा होते तोवर एरर येत नव्हता, नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसत होती, आणि अक्कलकोट घातल्यावर एरर आला. जाणत्या माणसाला एवढं पुरे आहे. विंडोजवर पायथनला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये कशी साठवलीत ते) सांगितलं नाही तर तो फाईल जुन्या इंग्रजी कोडपेजने (अक्षरांच्या तक्त्याने) वाचायला जातो, आणि अक्कलकोटमधल्या जोडाक्षरात जो हलन्त आहे त्याचा शेवटचा बाइट नेमका एट-डी, ज्याला त्या कोडपेजमध्ये अक्षरच नेमलेलं नाही. बाकीच्या तीन गावांच्या नावात जोडाक्षर नाही म्हणून ती चुकीची का होईना, पण वाचली गेली. फाईल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-एट द्यायचं, संपलं.

एडिट केल्यावर प्रश्न पुन्हा उघडण्याच्या रांगेत जातो, तो उघडला. एका डाउनव्होटवाल्याने मत मागे घेतलं (एरवी मत दिल्यावर पाचेक मिनिटांत ते पक्कं होतं, पण पोस्ट एडिट झाली की बदलता येतं, म्हणून एडिट करणं हाच खरा इलाज). दोन अपव्होट आले, ती पंधराच्या पुढं गेली, आणि पहिलं मत तिने तिला उत्तर देणाऱ्यालाच दिलं.

तेव्हा प्रश्नात "अर्जंट", "आय ॲम न्यू", "थँक्स इन ॲडव्हान्स" असलं लिहू नका, त्याऐवजी काय करून बघितलं, काय अपेक्षित होतं आणि काय झालं ते लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, कुणीतरी येऊन नीट करतं. एररची ओळ मात्र अर्धी देऊ नका.

डाउनव्होट पडला की डिलीट मारणं

हे अंगावर येतं, जपून. एखादं चुकलेलं उत्तर डिलीट केलं तर त्यावर गेलेले दोन-चार पॉइंट परत येतात हे खरं आहे, आणि उत्तर साफ चुकीचं असेल तर काढावंच. पण प्रश्नांच्या बाबतीत साईट एक हिशोब आतल्या आत ठेवते, वाईट ठरलेले प्रश्न किती, आणि त्यात डिलीट केलेलेही धरले जातात. तो हिशोब बिघडला की एक दिवस नवीन प्रश्न टाकायलाच मिळत नाही, आणि त्यावर उपाय एकच असतो, जुने प्रश्न एकेक करून सुधारणं. ज्याने सगळे डिलीट केलेत त्याच्याकडं सुधारायला समोर काही दिसतच नाही, तो अडकतो. शिवाय चांगली पोस्ट डिलीट झाली तर तिच्यावर मिळालेलेही जातात. त्याला अपवाद आहे, पोस्टचा स्कोअर (अपव्होट वजा डाउनव्होट) ३ किंवा जास्त असेल आणि ती निदान ६० दिवस दिसत राहिलेली असेल तर ते पॉइंट तुमच्याकडंच राहतात.

बारीकसारीक, पण रोज विचारलं जाणारं

"मी काही केलं नाही तरी एक पॉइंट गेला." केलंय, तुम्ही कुणाच्या तरी उत्तराला डाउनव्होट दिलाय, उत्तराला दिला की स्वतःचा १ जातो, प्रश्नाला दिला तर जात नाही. ते उत्तर पुढं डिलीट झालं तर तो १ परत येतो.

"माझ्या कमेंटला चाळीस अपव्होट आहेत तरी शून्य." कमेंटला काहीच मिळत नाही. बॅजचंही तसंच, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड दिसायला छान आहेत पण पॉइंटशी त्यांचा संबंध नाही. कमेंटमध्ये पूर्ण उत्तर लिहिलं असेल तर ते उचला आणि उत्तराच्या चौकटीत टाका.

"काल तेवीस अपव्होट आले, दोनशेच जमा झाले." मतांमधून दिवसाला २००च, वरचे वाया जातात, उद्यावर ढकलले जात नाहीत. टिकचे १५ आणि बाउंटी (उत्तर मिळावं म्हणून कुणी स्वतःच्या पॉइंटमधून लावलेलं बक्षीस) या मर्यादेबाहेर. आणि साईटचा दिवस यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, म्हणजे आपल्याकडं पहाटे साडेपाचला बदलतो. जॉन स्कीट नावाचा या साईटवरचा एक नावाजलेला प्रोग्रामर आहे, त्याचा १० लाखांचा आकडा जानेवारी २०१८ मध्ये झाला, तिथवर पोचणारा तो पहिला, आणि हिशोब करून बघा, नुसत्या मतांवर वर्षाला जास्तीत जास्त ७३,००० होतात, नऊ-सव्वानऊ वर्षांत सात लाखांच्याही आतच, म्हणजे बाकीचे लाखो मुख्यतः टिकांमधून आलेत. मी हे मुलांना मुद्दाम सांगते, कारण टिक मिळते ती विचारणाऱ्याची अडचण खरंच सुटली की मग.

"युजर वॉज रिमूव्हड असं येऊन वीस गेले." तुम्हाला मत दिलेल्या कुणाचं तरी अकाउंट बंद झालं, त्याच्याबरोबर त्याची मतं गेली. तुमची चूक नाही.

बाउंटी घाईने लावणं ही मात्र महागातली चूक आहे. ७५ झाले की बाउंटी लावता येते, कमीत कमी ५०, जास्तीत जास्त ५००, प्रश्न टाकून दोन दिवस झालेले हवेत. लावली त्या क्षणी पॉइंट कापले जातात आणि उत्तर आलं नाही तरी परत येत नाहीत. ८० असताना ५०ची लावली तर हातात राहतात ३०, म्हणजे ५०च्या खाली, आणि दुसऱ्यांच्या पोस्टखाली कमेंट करायची किल्ली गेली (स्वतःच्या प्रश्नाखाली आणि त्याच्या उत्तरांखाली करता येते, घाबरू नका). आठवडाभराने बाउंटी स्वतः हाताने द्यायला विसरू नका. विसरलात तर साईट स्वतःहून देते ती सहसा निम्मीच, तीही बाउंटी लागल्यानंतर आलेल्या आणि स्कोअर निदान २ असलेल्या उत्तराला, तसं उत्तर नसेल तर कुणालाच नाही. बाउंटी लावण्याआधी प्रश्न वरच्यासारखा दुरुस्त करून बघा, दहातल्या आठ वेळा तेवढ्यानेच काम होतं असा माझा अनुभव आहे.

एआयकडून उत्तरं छापून टाकणं

चॅटजीपीटी आल्या आल्या काही दिवसांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, साईटने अशा उत्तरांवर बंदी घातली. तरी मुलं करतात, दिवसाला वीस उत्तरं, सगळी गुळगुळीत इंग्रजीत, आणि चालवून कुणी बघितलेलं नाही. उत्तरं डिलीट होतात, पॉइंट जातात, पुढं सस्पेन्शन. मला जास्त टोचतं ते वेगळंच, पलीकडं कुणीतरी रात्री दोन वाजता त्या उत्तरावर विश्वास ठेवून कोड चालवत असतो. आठवड्यात एकच उत्तर द्या, पण स्वतःच्या मशीनवर चालवून बघितलेलं द्या. जुन्या, उत्तर न मिळालेल्या प्रश्नांना द्या, स्वतःच्या टॅगमध्ये (म्हणजे आपल्याला येणाऱ्या विषयात). तुम्ही दोन दिवस झगडून काही सोडवलं असेल तर स्वतः प्रश्न टाकून स्वतःच उत्तर द्या, याला पूर्ण परवानगी आहे, फक्त स्वतःच्या उत्तराला दिलेल्या टिकचे पॉइंट मिळत नाहीत. देवनागरी फॉन्ट, पीडीएफमध्ये मोडणारी जोडाक्षरं, युनिकोडमध्ये न बसणारा जुना मराठी टाइपिंगचा मजकूर, यातलं आपल्याला जे माहीत असतं ते बाहेरच्या कुणाला माहीत असणार? तिथं लिहा.

एका साईटवर २०० झाले की स्टॅक एक्स्चेंजच्या (स्टॅक ओव्हरफ्लो ज्या साईटसमूहात आहे त्याच्या) बाकीच्या साईटवर जोडलेल्या अकाउंटला १०० आयते मिळतात, तेव्हा पहिलं लक्ष्य २००च ठेवा.

आणि आत्ता काही गेलेले दिसत असतील तर आधी तो रेप्युटेशन टॅब उघडा आणि सगळ्यात वरची लाल ओळ वाचा. कळली नाही तर मला पाठवा, पण ओळ टाईप करून, फोटो नको.