जुन्या एमटीबीवर पैसे लावण्याआधी या चुका टाळा

दहा-बारा हजारांची गिअरवाली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, दोन-तीन वर्षं चालवली की प्रश्न येतोच: पार्ट टाकायचे, की नवीच घ्यायची? नागपुरात फुटाळ्याकडून सेमिनरी हिल्सच्या चढाला लागलं की चेन सटकते, सिमेंट रोडच्या जोडांवर मागचं चाक खडखडतं. मी सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केली होती. आधी शॉकर, म्हणजे पुढच्या चाकाचा दणके झेलणारा फोर्क, बदलायला निघालो.

चांगले शॉकर आजकाल बहुतेक टेपर्ड येतात, म्हणजे त्यांची वरची नळी खाली जाड होत जाते. स्वस्त फ्रेमची, हँडलखालची ज्यात तो बसतो ती नळी मात्र वरपासून खालपर्यंत सारखीच असते. त्यात टेपर्ड शॉकर बसतच नाही. मी ओळखीच्याकडून स्वस्तात मिळाला म्हणून तसाच एक घेतला आणि तो घरी पडून राहिला. त्या पैशांत मागचं पूर्ण चाक झालं असतं, आणि खरी गरज तिथेच होती. त्याच पावसाळ्यात मागचा एक्सल (चाकाच्या मधली दांडी) तुटला.

मागचं चाक न बघता निर्णय घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्वस्त सायकलींना बहुधा आट्यांवर कसलेलं ६ किंवा ७ गिअरचं फ्रीव्हील (मागच्या दात्यांचा गठ्ठा) असतं. त्यात चेनच्या बाजूचे छर्रे हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आत राहतात आणि एक्सलचा बराच भाग बाहेर आधाराविना उरतो. वजनदार माणूस, पाठीवर बॅग आणि खड्डा एकत्र आले की एक्सल तिथेच वाकतो. कॅसेटमध्ये दाते आट्यांवर न कसता हबवर सरकवून बसवतात; तिच्या हबमध्ये छर्रे बाहेरच्या टोकाजवळ असतात, म्हणून एक्सल टिकतो.

तपासणी घरीच होते. चाक काढा, एक्सल दोन बोटांत धरून हळूच फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक एका जागी न फिरता गोल-गोल डोलत असेल, तर एक्सल वाकलाय. नुसती खरखर लागत असेल तर छर्रे, ग्रीस आणि कोन कसणं एवढ्यावर भागतं. चाक डोलतंय म्हणून फक्त आउट काढून (तारा कसून चाक सरळ करून) आणलात आणि एक्सल तसाच ठेवलात, तर तो खर्च वाया जातो.

‘९ गिअर करून टाकू भाऊ’ असं कुणी म्हटलं तर थांबा. त्यासाठी कॅसेट, हब (म्हणजे चाक पुन्हा विणणं), चेन, शिफ्टर आणि कधीकधी आरडीही (चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग) लागते. तेवढा खर्च या सायकलवर करूच नका. चढ जड जातो एवढीच तक्रार असेल तर १४-२८ दात्यांच्या जागी १४-३४ चं ७ गिअरचं फ्रीव्हील बसवा. फक्त आपली आरडी ३४ दात्यांपर्यंत चालते का ते आधी विचारा. चेनही थोडी लांब लागते.

नुसती चेन बदलून मोकळं होणं ही दुसरी नेहमीची चूक. पट्टीचा शून्य एका पिनवर ठेवून मोजा. नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच सरकली असेल तर फ्रीव्हीलचे दातेही गेले समजा, मग जुन्या दात्यांवर नवी चेन जोर लावताच सटकणार.

फ्रेम मात्र मन घट्ट करून बघा. ओल्या फडक्याने काळी माती पुसा. हँडलखालचा जोड, पॅडलजवळचा जोड आणि मागचं चाक जिथे बसतं ती जागा, तिन्हीकडे रंगात केसासारखी रेघ दिसते का? ॲल्युमिनियमला तडा गेला असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेची ताकद कमी होते. अशा फ्रेमवर एक रुपयाही लावू नका, विशेषतः सायकल मुलाची असेल तर. आणि मूल उंच झालं, गुडघे हँडलला लागायला लागले, तर सीट वर करून किती दिवस काढणार? मोठ्या मापाची सायकल घ्या.

ब्रेकची तक्रार मात्र बहुतेक वेळा स्वस्तात मिटते: डिस्क तेलकट झालेली असते, नाहीतर वायर ताणून सैल पडलेली. आपल्याकडे ४५ अंशांच्या उन्हात गच्चीवर ठेवलेल्या सायकलचे टायर बाजूने तडकतात आणि वायरची आवरणंही कडक होतात. वायर आणि आवरणं बदलली की गिअर इतके हलके पडतात की नव्या सायकलचा विचार कित्येकदा मागे पडतो.

माझा हिशेब असा: फ्रेम धड आणि मापाची असेल, तर चेन, फ्रीव्हील, वायर, ब्रेक पॅड, टायर बेलाशक बदला. मागचं चाकही गेलं असेल आणि एकूण खर्च तशाच नव्या सायकलच्या निम्म्यावर जात असेल, तर नवी घ्या. दुकानात रंग बघण्याआधी मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील आणि आरडीचा हँगर (फ्रेमला आरडी लटकवणारा तुकडा) सुटा मिळतो का, हे विचारा. जुन्या सायकलचे चांगले पॅडल, सीट आणि लाइट काढून नवीवर चढवा. टायर मात्र माप सारखं असेल तरच, कारण २६ चा टायर २७.५ च्या रिमवर बसत नाही.