विंडोला काय विचारायचं आणि कधी

नाशिकमध्ये डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून पुण्याची गाडी न पकडणाऱ्या पोरांना पहिली नोकरी बऱ्याचदा सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या ऑफिसात मिळते. बाहेर 'ऑटोमेशन' अशी पाटी, आत चार-सहा टेबलं, कोपऱ्यात सोल्डरिंगचं सामान. काम म्हणजे वजनकाट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून पीसीत घ्यायचा, स्क्रीनवर मोठा करून दाखवायचा आणि लेबल छापायचं. हे ब्राउझरमध्ये चालत नाही, विंडोजच्या डेस्कटॉपवर चालतं. कॉलेजात वेब शिकवलेलं असतं, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मशीन लर्निंगचा असतो आणि इथे आल्या आल्या हातात येतं पायथॉन आणि टीकिंटर, म्हणजे पायथॉनमधून विंडो आणि बटणं बनवायची लायब्ररी.

टीकिंटर जुनाट दिसतं म्हणून नाक मुरडू नका. विंडोजवर पायथॉन टाकलं की ते सोबतच येतं, लायसन्सची भानगड नाही, आणि दहा वर्षं जुन्या पीसीवरही मुकाट चालतं. (उबुंटूवर मात्र 'पायथॉन३-टीके' हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. नव्या पोराची पहिली सकाळ यातच जाते.) बटण लावणं, एंट्री (मजकूर भरायची चौकट) लावणं, ग्रिड मांडणं हे कोणीही दोन दिवसांत शिकतं. नवीन माणूस अडतो तो मांडून झाल्यावर: ग्राहकाचा फोन येतो आणि समोरच्या विंडोचं नक्की काय झालंय हे तिलाच विचारून काढावं लागतं.

असा एक फोन सांगतो. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम, पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं एक पॅकहाउस, क्रेट काट्यावर चढवायला माणसं रांगेत उभी. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, सेव्हचं बटणच नाही." ऑफिसातल्या लॅपटॉपवर बटण ठणठणीत दिसतंय. आमच्याकडचा नवा मुलगा लगेच कोड उघडून पॅडिंग कमी करायला बसला. त्याला थांबवलं. एनीडेस्क या दूरचा पीसी चालवायच्या सॉफ्टवेअरने तिकडचा पीसी घेतला आणि त्याच्याकडून तीनच ओळी छापून घेतल्या: मुख्य विंडोची विन्फो_हाइट, विन्फो_रेकहाइट आणि सेव्ह बटणाचं विन्फो_इजमॅप्ड. (विन्फोने सुरू होणारी फंक्शनं म्हणजे विंडोला विचारायचे प्रश्न. इजमॅप्ड म्हणजे पडद्यावर मांडलंय का: १ हो, ० नाही.)

उत्तरं आली ७०५, ७८० आणि ०.

या तीन आकड्यांत सगळं आलं. विन्फो_हाइट म्हणजे विंडोला प्रत्यक्षात मिळालेली उंची. विन्फो_रेकहाइट म्हणजे आतल्या सगळ्या विजेटांना (बटण, चौकट, लेबल असे विंडोतले भाग) मिळून लागणारी उंची. मागणी ७८० पिक्सेलची, मिळाले ७०५. तिकडचा मॉनिटर १३६६ × ७६८ चा, विंडो मॅक्झिमाइज केलेली. त्यातून खालचा टास्कबार आणि वरची टायटल पट्टी वजा केली की सातशेच्या आसपासच उरतात. मग तुटवड्याचा फटका कोणाला बसतो? पॅक हा विजेटांची मांडणी करणारा मॅनेजर ज्या क्रमाने विजेट पॅक केली त्याच क्रमाने जागा वाटत जातो. शेवटी पॅक केलेल्याच्या वाट्याला काहीच उरलं नाही तर तो ते विजेट पडद्यावरून काढूनच टाकतो, आणि इजमॅप्ड शून्य येतं ते त्यामुळे. सेव्ह बटण सगळ्यात शेवटी पॅक केलेलं होतं. बटणांची पट्टी सगळ्यांच्या आधी, साइड बॉटम देऊन (तळाला चिकटवून) पॅक केली, विषय मिटला. आता जागा कमी पडली तर वरचा तक्ता आक्रसतो, बटण जागचं हलत नाही.

इजमॅप्ड १ आलं असतं तर रोग वेगळा होता. बटण आहे, पण टास्कबारच्या मागे किंवा स्क्रीनच्या बाहेर गेलंय. तेव्हा बटणाची विन्फो_रूटवाय अधिक त्याची उंची करायची आणि विन्फो_स्क्रीनहाइटशी ताडून बघायची. लक्षात ठेवा, स्क्रीनहाइटमध्ये टास्कबारही धरलेला असतो, त्यामुळे ७६८ हा आकडा पूर्ण तुमचा नाही. शिवाय विंडोजवर हे आकडे मुख्य मॉनिटरचेच असतात, दुसरा मॉनिटर जोडला तरी त्यात मिळवले जात नाहीत.

मग ऑफिसातल्या लॅपटॉपवर बटण दिसत का होतं? लॅपटॉप १९२० × १०८० चा, पण विंडोजचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर. त्यावर स्क्रीनविड्थ आणि स्क्रीनहाइट विचारलं तर १५३६ आणि ८६४ येतात. नवा मुलगा म्हणाला, सर, हे चुकीचं सांगतंय. प्रोग्रामने 'मला डीपीआय कळतो' (डीपीआय म्हणजे एका इंचातले ठिपके) असं जाहीर केलेलं नसलं की विंडोज त्याला ९६ डीपीआयचा लहान पडदा असल्याचं भासवतो आणि नंतर सगळं चित्र ताणून मोठं करतो. १९२० भागिले १.२५ बरोबर १५३६. अक्षरं किंचित पुसट दिसतात तीही यामुळेच. या भासवलेल्या पडद्यावर ७८० ची मागणी कशीबशी बसत होती, ७६८ च्या मॉनिटरवर बसणं शक्यच नव्हतं. खरे आकडे हवे असतील तर पहिली विंडो तयार होण्याआधी सीटाइप्समधून (पायथॉनमधून विंडोजची फंक्शनं बोलवायची सोय) एसएचकोअर या विंडोजच्या लायब्ररीचं सेट-प्रोसेस-डीपीआय-अवेअरनेस बोलावायचं. ही सोय विंडोज ८.१ पासून आहे. त्यानंतर विन्फो_एफपिक्सेल्सला '१आय', म्हणजे एक इंच, देऊन विचारा. त्याच लॅपटॉपवर ९६ च्या जागी १२० च्या जवळपासचा आकडा येईल. मात्र पिक्सेलमध्ये हाताने लिहिलेली सगळी मापं आता लहान दिसतील. हे काम चालू हंगामात करू नका, मे-जूनमध्ये करा.

आता वेळेबद्दल, कारण नव्यांना सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट तीच आहे. विंडो तयार केली, विजेट पॅक केली आणि लगेच पुढच्या ओळीत विन्फो_विड्थ विचारली तर उत्तर येतं १. जिऑमेट्री विचारली तर १×१+०+०. हा बग नाही. पॅक म्हटल्याबरोबर टीके (टीकिंटरच्या आत प्रत्यक्ष विंडो मांडणारं टूलकिट) काहीच मांडत नाही, 'मोकळा वेळ मिळाला की मांड' अशी नोंद करून पुढे जातं. मांडणी होते ती इव्हेंट लूप (क्लिक, कीबोर्ड अशा घटना एकेक करून हाताळणारं चक्र) मोकळा झाल्यावर. त्याआधी आकार ठरलेलाच नसतो, मग उत्तर तरी काय देणार?

यावर इंटरनेटवर सर्रास मिळणारा तोडगा म्हणजे अपडेट() बोलवा. माझं मत विरोधात आहे. अपडेट राहिलेली मांडणी करतं, पण त्याच दमात साचलेले क्लिक आणि कीबोर्डचे इव्हेंटही चालवतं. तुमचं फंक्शन अर्धवट असताना ऑपरेटरने सेव्ह दोनदा दाबलं असेल तर सेव्हचा कोड मध्येच घुसतो आणि एकाच क्रेटची दोन लेबलं निघतात. फक्त मांडणी पुरी करून हवी असेल तर अपडेट_आयडलटास्क्स() पुरतं. छोटी डायलॉग विंडो स्क्रीनच्या मधोमध आणायची असेल तर आणखी सरळ रस्ता आहे: आधी विथड्रॉ करून लपवा, अपडेट_आयडलटास्क्स बोलवा, विन्फो_रेकविड्थ आणि रेकहाइटवरून जागा काढा, जिऑमेट्री द्या आणि मग डीआयकॉनिफायने परत दाखवा. लपलेल्या विंडोला मिळालेली रुंदी विचारण्यात अर्थ नाही, पण तिला किती लागते ते ती नीट सांगते.

आकार बदलेल तसा कळत राहायला हवा असेल तर सारखं विचारत बसू नका, कॉन्फिगर इव्हेंट (आकार बदलला की येणारी सूचना) बांधा. यातली मेख अशी की मुख्य विंडोवर बांधलेला इव्हेंट तिच्या आतल्या प्रत्येक विजेटसाठीही उडतो. इव्हेंटचं विजेट म्हणजे मुख्य विंडोच आहे ना, ही एक अट वर टाका.

पुढचा घोळ 'विड्थ' या एकाच नावाखाली दोन मापं असल्याचा. एंट्रीला सीगेट('विड्थ'), म्हणजे सेटिंगमधली विड्थ, विचारलं तर २० येतं आणि विन्फो_विड्थ विचारलं तर शंभराच्या पुढचा काहीतरी आकडा. पहिलं अक्षरांत, दुसरं पिक्सेलमध्ये. लेबल तर त्याहून वरचढ: आत मजकूर असेल तर विड्थ अक्षरांत, चित्र असेल तर पिक्सेलमध्ये. आणि अक्षर म्हणजे तरी किती? टीके त्या फॉन्टमधल्या शून्याची रुंदी धरतं. इंग्रजी मजकुराला हे चालून जातं. आपल्याकडे शेतकऱ्याचं नाव, गावाचं नाव देवनागरीत असतं. 'त्र्यंबकेश्वर' मोजायला गेलात तर युनिकोडच्या हिशेबात तेरा खुणा, पडद्यावर मात्र जोडाक्षरं आणि मात्रा एकमेकांत बसून जागा निराळीच लागते. तेव्हा मराठी मजकुरासाठी विड्थ अंदाजाने देऊ नका. टीकिंटर डॉट फॉन्टमधल्या फॉन्टचं मेजर() वापरा, प्रत्यक्ष मजकूर द्या, पिक्सेल घ्या. दिंडोरी आणि त्र्यंबकेश्वर दोन्ही एकाच रकान्यात बसवून बघितल्याशिवाय तक्ता ग्राहकाकडे पाठवायचा नाही, असा आमच्याकडे नियमच आहे.

जागेचं थोडक्यात. विन्फो_एक्स हे पालक विजेटच्या कोपऱ्यापासून मोजलेलं असतं, विन्फो_रूटएक्स स्क्रीनच्या कोपऱ्यापासून. बटणाखाली छोटी यादी उघडायची असेल तर रूटएक्स घ्या आणि रूटवायमध्ये बटणाची उंची मिळवा. मुख्य विंडोच्या बाबतीत या दोन्हींत टायटल पट्टी आणि कडेचा फरक पडतो. विंडो बंद करताना जागा साठवून पुढच्या वेळी तिथेच उघडायची तर जिऑमेट्री()ची स्ट्रिंगच जशीच्या तशी साठवा. रूटवाय साठवलीत तर दर वेळी विंडो थोडी थोडी खाली सरकत जाते आणि महिनाभराने ऑपरेटर विचारतो, ही उतरते का हो?

काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आफ्टर() लावून दर काही मिलिसेकंदांनी आकडा वाचतात. विंडो बंद केली तरी आधी लावून ठेवलेला आफ्टर उडतोच आणि 'इनव्हॅलिड कमांड नेम' असा एरर पडतो. पायथॉनमधला ऑब्जेक्ट अजून जिवंत असतो, टीकेमधलं विजेट मेलेलं असतं. लेबलवर लिहिण्याआधी विन्फो_एक्झिस्ट्स विचारा. पण मुख्य विंडोच नष्ट झाली असेल तर हा प्रश्नसुद्धा एरर देतो, कारण उत्तर देणारंच कोणी उरलेलं नसतं. म्हणून आफ्टरची आयडी जपून ठेवा आणि बंद करताना आफ्टर_कॅन्सल करा, ते जास्त स्वच्छ.

असे एरर पायथॉनसारखे वाटत नाहीत, कारण ते पायथॉनचे नाहीतच. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीच्या विद्यापीठात टीसीएल ही भाषा आणि तिच्यासोबत टीके हे टूलकिट लिहिलं, त्याबद्दल त्यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा १९९७ चा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. टीकिंटर तुमची प्रत्येक विनंती आतल्या टीसीएल इंटरप्रिटरकडे पोचवतं. म्हणून टीकिंटरच्या कागदपत्रांत एखादी गोष्ट सापडली नाही तर थेट टीसीएल-टीकेचं विन्फोचं मॅन्युअल पान उघडा. तासाभराचं वाचन आहे. विन्फो_पेरेंट नुसती नावाची स्ट्रिंग देतं आणि विन्फो_चिल्ड्रन खरे ऑब्जेक्ट देतं, असल्या विसंगतींचा उगमही या दोन थरांत आहे. स्ट्रिंगवरून ऑब्जेक्ट हवा तर नेमटूविजेट आहे.

पहिल्या महिन्यात स्वतःसाठी एक हत्यार बनवून घ्या. मुख्य विंडोवर बाइंड_ऑल करून एफ१२ ला एक फंक्शन जोडा. त्यात विन्फो_पॉइंटरएक्सवाय घेऊन विन्फो_कंटेनिंगला द्या, म्हणजे माउसखालचं विजेट हातात येतं. दुसऱ्या प्रोग्रामच्या विंडोवर माउस असेल तर नन (म्हणजे काहीच नाही) येतं, ते सांभाळा. मग त्या विजेटची विन्फो_क्लास, जिऑमेट्री, रेकविड्थ, रेकहाइट आणि विन्फो_मॅनेजर लॉग फाइलमध्ये लिहा. क्लासवरून बटण साधं आहे की टीटीकेचं (टीकेमधल्या नव्या धाटणीच्या विजेटांचं) ते कळतं, पहिल्याचं उत्तर 'बटन', दुसऱ्याचं 'टीबटन'. मॅनेजरवरून पॅक, ग्रिड की प्लेस ते कळतं. दुसऱ्याने लिहिलेला चार हजार ओळींचा कोड गळ्यात पडतो तेव्हा याच्याइतकं उपयोगाचं काही नाही. ऑपरेटरला फोनवर एवढंच सांगायचं, "दादा, माउस त्या पांढऱ्या चौकटीवर ठेवा आणि एफ१२ दाबा."

पुढे पुण्यात क्यूटी या दुसऱ्या टूलकिटच्या जागेसाठी मुलाखतीला गेलात तर हेच प्रश्न वेगळ्या नावांनी येतात. क्यूटीत मागणीला साइजहिंट म्हणतात. चौकटीसकट जागा हवी तर फ्रेमजिऑमेट्री, चौकटीशिवाय हवी तर जिऑमेट्री. दाखवण्याआधी आकार विचारला तर तिथे १ येत नाही, पालक नसलेल्या विजेटचा ६४० × ४८० येतो, आणि तो खरा वाटतो म्हणून जास्त फसवतो. आमच्याकडून गेलेल्या एकाला नेमकं हेच विचारलं होतं: शो()च्या आधी साइज() काय देईल आणि त्यावर विश्वास ठेवाल का? त्याने ६४० × ४८० सांगितलं, ठेवणार नाही म्हणाला, आणि का ते फळ्यावर चित्र काढून दाखवलं. पुढच्या सोमवारी त्याने आमच्याकडे नोटीस दिली.