जुन्या बुलडोझरचं इंजिन तापतंय? हेड खोलण्याआधी हे तपासा

२०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा झाल्या, आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांतली कितीतरी मशिनं पावसात उभी राहिली. त्यांतले जुने बुलडोझर आता काजूच्या बागेसाठी उतार कापायला, घराचा प्लॉट सपाट करायला लावले जातात. असं इंजिन तापलं की हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसलेला इंजिनाचा वरचा भाग, खोलायची भाषा लगेच सुरू होते. त्याआधी बाहेरून आत तपासत जा: माती, पाणी, फॅन आणि पंप फिरवणारा पट्टा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप). हेड सगळ्यात शेवटी.

पाण्याच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तर काम थांबवा, ब्लेड जमिनीवर टेकवा, न्यूट्रल करून लॉक लावा. इंजिन पाचेक मिनिटं आयडलवर, म्हणजे भार न देता मंद गतीनं, चालू ठेवा. पाण्याचा पंप फिरत राहिला तर हेडमधली उष्णता बाहेर पडते. पाणी वाहून गेलं असेल किंवा ऑइल प्रेशर घसरलं असेल तर मात्र तत्काळ बंद करा. रेडिएटरला हात टेकवता येईपर्यंत झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं आणि तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

आता माती. आपल्याकडची लाल धूळ पिठासारखी बारीक असते. इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघणारी तेलाची वाफ तिच्यात मिसळली की रेडिएटरच्या जाळीत घट्ट थर बसतो. बऱ्याच डोझरांचा फॅन हवा ओढत नाही, समोर ढकलतो. म्हणजे थर आतल्या बाजूला, फॅनकडे बसतो, आणि समोरून बघणाऱ्याला जाळी स्वच्छ दिसते. इंजिन आयडलवर ठेवून समोरच्या ग्रिलपाशी बाहेरून कागद धरा. तो बाहेर उडाला तर फॅन ढकलणारा आहे, चिकटला तर ओढणारा. हवा ज्या दिशेनं जाते तिच्या उलट दिशेनं धुवायचं. तेलकट थरावर आधी डिग्रीझर (तेल सोडवणारं द्रव) मारा, थोडं थांबा, मग पाण्याची धार फिन्सना, म्हणजे जाळीच्या पातळ पत्र्यांना, सरळ लावा. तिरकी धार फिन्स वाकवते. अल्टरनेटर झाकून घ्या. आणि मागची बाजू उजेडात दिसते का, हे टॉर्च धरून बघितल्याशिवाय धुणं संपलं असं समजू नका.

पाण्याकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट होतं, ते रेडिएटरमध्ये कधीच घालू नये. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट सम प्रमाणात घ्या. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या मशिनच्या वॉटर जॅकेटमध्ये (इंजिनाभोवती पाणी फिरण्याच्या पोकळीत) गंज साचलेला असतो. ड्रेन करताना पाणी तांबडं आलं तर फ्लश करावंच लागेल. थर्मामीटर गनने रेडिएटरवर जागोजागी तापमान घ्या. मधेच थंड पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं, म्हणून झाकण बदला.

पट्टा अंगठ्यानं दाबला तर साधारण १० ते १३ मिलिमीटर दबावा. रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) इंजिनाचा वेग वाढवल्यावर आत चिपटत असेल तर बदला. वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर त्याचं सील गेलंय.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नका. अनेक इंजिनांत तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासनं परत फिरतं. तो पाण्यात टांगून, भांड्याला लागू न देता, थर्मामीटर ठेवून तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडला नाही तर नवा घाला.

एवढं करूनही तापलं तर इंजिन थंड असताना झाकण काढून चालू करा. बुडबुडे सतत येत राहिले, किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केट (हेडखालची सीलपट्टी) गेलंय किंवा हेडला तडा आहे. आता हेड खोलायला हरकत नाही. पण टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलातून गिअरकडे नेणाऱ्या) मशिनवर, ब्लेड भरून ढकलतानाच काटा चढत असेल आणि ट्रान्समिशन ऑइलचा काटा आधी चढत असेल, तर हेडला हात लावू नका. घसरणारा क्लच त्या तेलात उष्णता ओततो, आणि ते तेल थंड करणाऱ्या कूलरमधून ती इंजिनाच्या पाण्यात येते.