रिटायर व्हायच्या आधी पेन्शन किती बसेल ते घरच्या घरी कसं काढायचं

आमची ताई (मावसबहीण, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात, पुण्यात) 31 मे 2027 ला रिटायर होतेय. दिवाळीत सहज विचारलं, पेन्शन किती बसेल गं, तर म्हणाली, "अरे पगाराच्या निम्मी असते ना, हातात 95 येतात, म्हणजे 47-48 येईल." मी अकाउंट्सला आयुष्य घालवलंय त्यामुळे मला राहवलं नाही, तिथेच फराळाच्या ताटाशेजारी कागद घेऊन बसलो. हिशेब झाल्यावर कळलं की तिचा 47 हजार हा आकडा ना इकडचा ना तिकडचा, कारण तिच्यापुढे खरं तर दोन आकडे होते, एक 40 चा आणि एक 53 चा. तोच हिशेब इथे लिहितोय, तुमचे आकडे टाकून करून बघा.

आधी आपण कुठल्या गटात ते बघा. खालचं सगळं केंद्राच्या जुन्या पेन्शनवाल्यांसाठी आहे, म्हणजे 31 डिसेंबर 2003 पर्यंत नोकरीला लागलेले. महाराष्ट्र शासनात हीच रेषा 1 नोव्हेंबर 2005 ची आहे, तिथे 1982 चे निवृत्तिवेतन नियम लागतात, हिशेबाची पद्धत बरीचशी सारखीच पण मर्यादा आणि टेबलं वेगळी. त्यानंतर लागलेल्यांचं, म्हणजे एनपीएस-यूपीएस या नव्या पेन्शन योजनांतल्यांचं, शेवटी थोडक्यात सांगतो.

पहिलं काम, रिटायरमेंटची तारीख नक्की करा. हसू नका. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राची जन्मतारीख 1 जून टाकून ठेवलीय, ताईचीही तीच, खरी जन्माष्टमीच्या आसपासची आहे पण ते आता कोण ऐकतो. नियम असा की ज्या महिन्यात 60 पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर, पण जन्म 1 तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून 1 जूनवाले 31 मे ला घरी. जून महिन्यातच पण 2 तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेला माणूस 30 जूनला जातो, आणि त्याला 1 जुलैचं इन्क्रिमेंट पेन्शनच्या हिशेबापुरतं काल्पनिक धरून मिळतं, वर्षभर काम झालेलं असेल तर (कोर्टकचेऱ्या झाल्यावर मे 2025 मध्ये केंद्राने तसा आदेश काढला). हा फायदा फक्त पेन्शनला, ग्रॅच्युइटीला (रिटायर होताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाला) नाही. 31 मे वाल्यांना यातलं काहीच नाही. गुरुजींनी एक दिवस पुढे लिहिलं असतं तर ताईला आयुष्यभर महिन्याला बेसिक पेन्शनवर 1,000 जास्त मिळाले असते!

आता शेवटचं बेसिक. पे स्लिपवरचा 'निव्वळ देय' विसरा, पेन्शनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, त्यात सोसायटीचं कर्ज कापलेलं असतं, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापलेला असतो, घरभाडं मिळवलेलं असतं. फक्त बेसिक घ्या आणि पे मॅट्रिक्सच्या तक्त्यात आपल्या लेव्हलच्या कॉलममध्ये बोट ठेवा, रिटायर होईपर्यंत जितकी इन्क्रिमेंट बाकी तितके घर खाली सरका. ताई लेव्हल 7 मध्ये 66,000 वर, जुलै 2026 चं एक इन्क्रिमेंट, म्हणजे 68,000. शेवटचं बेसिक किंवा शेवटच्या 10 महिन्यांची सरासरी, यातलं जे फायद्याचं ते धरतात. बहुतेकांना शेवटचंच फायद्याचं पडतं.

त्याचे निम्मे 34,000. झाली बेसिक पेन्शन. यासाठी किमान 10 वर्षं सर्व्हिस लागते, बस्स. "33 वर्षं भरली नाहीत तर पूर्ण पेन्शन नाही" हे जे जुने लोक सांगतात ना, ते केंद्रात केव्हाच गेलं, ते 33 आता फक्त ग्रॅच्युइटीत उरलंय. कमीत कमी पेन्शन 9,000, जास्तीत जास्त 1,25,000.

यावर महागाई भत्ता, पगारात त्याला डीए म्हणतात आणि पेन्शनमध्ये डीआर, टक्का दोन्हीला तेवढाच. मी जुलै 2025 चा 58 टक्के धरतोय, तुम्ही वाचताना जो चालू असेल तो टाका. 34,000 चे 58 टक्के 19,720, म्हणजे एकूण 53,720. हा झाला काहीही न विकता मिळणारा आकडा.

"विकणं" म्हणजे कम्युटेशन, राज्यातल्या कागदात याला अंशराशीकरण म्हणतात. बेसिक पेन्शनच्या जास्तीत जास्त 40 टक्के तुम्ही सरकारला विकू शकता, त्याचे एकरकमी पैसे मिळतात आणि 15 वर्षं तेवढी पेन्शन कापली जाते, मग पुन्हा पूर्ण सुरू. ताईचं गणित: 34,000 चे 40 टक्के 13,600, गुणिले 12, गुणिले 8.194 (60 ला रिटायर होणाऱ्याला पुढचा वाढदिवस 61 वा, त्याच्यासमोर सरकारच्या कम्युटेशन टेबलात हा आकडा आहे), उत्तर 13,37,261. हातात उरलेली बेसिक पेन्शन 20,400.

इथे जवळजवळ प्रत्येकजण चुकतो. डीआर उरलेल्या 20,400 वर नाही, तर मूळ 34,000 वरच मिळतो. म्हणून दरमहा 20,400 अधिक 19,720, बरोबर 40,120. माझ्या ओळखीच्या एका माणसाने 20,400 वर डीआर धरून महिन्याचं बजेट काढलं आणि सहा महिने उगाच काळजीत काढले.

विकावी की नाही? लोक म्हणतात सगळे विकतात, तू पण विक. मी ताईला असं सांगितलं: 13.37 लाख आज घेऊन 15 वर्षं महिना 13,600 फेडणं म्हणजे साधारण 9 टक्क्यांचं कर्ज आहे. घराचं कर्ज अंगावर असेल, मुलीचं लग्न असेल, तर घ्या, कारण ही रक्कम सरकारी कर्मचाऱ्याला पूर्ण टॅक्स फ्री आहे आणि मध्येच माणूस गेला तर राहिलेलं कोणी घरच्यांकडून वसूल करत नाही, फॅमिली पेन्शनला हातही लागत नाही. पण घेऊन बँकेत एफडी करणार असाल तर कशाला? 40 टक्केच विकायला हवी असंही नाही, 20 टक्के विका, 10 विका. रिटायर झाल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला तर मेडिकल लागत नाही, त्यामुळे घाईघाईत सही करायची गरज नसते.

आता ग्रॅच्युइटी, आणि इथे सर्व्हिस बुकची (ऑफिसातल्या आपल्या नोकरीच्या नोंदवहीची) गंमत. फॉर्म्युला असा: बेसिक अधिक डीए, त्याचा पाव भाग, गुणिले सर्व्हिसच्या सहामाह्या (सहा-सहा महिन्यांचे तुकडे). जास्तीत जास्त पगाराच्या साडेसोळा पट, आणि वर 25 लाखांची मर्यादा (केंद्रात 1 जानेवारी 2024 पासून, महाराष्ट्रात 1 सप्टेंबर 2024 पासून 20 लाख). ताई 1 फेब्रुवारी 1996 ला लागली, म्हणजे 31 वर्षं 4 महिने, 62 सहामाह्या आणि वर 4 महिने, 3 महिने किंवा जास्त असले की पूर्ण सहामाही धरतात म्हणून 63. 68,000 अधिक 39,440 म्हणजे 1,07,440, गुणिले 63 भागिले 4, उत्तर 16,92,180.

हे कागदावर. मग मी म्हटलं सर्व्हिस बुकची झेरॉक्स आण. ती काढून आणायलाच तिला तीन आठवडे लागले, "साहेब रजेवर आहेत" वगैरे नेहमीचं. पान चाळता चाळता 2003 सालची एक नोंद दिसली, जांभळ्या शाईत, असाधारण रजा 5 महिने, बिनपगारी, आणि पुढे काहीच नाही. ऑपरेशन झालं होतं तिचं तेव्हा, रजा मेडिकल सर्टिफिकेटवर होती, पण ते "मेडिकल सर्टिफिकेटवर" हे शब्द लिहायचेच राहिले होते. फरक काय? मेडिकलवरची बिनपगारी रजा सर्व्हिसमध्ये धरतात, नुसती असली तर सहसा धरत नाहीत. ते 5 महिने गेले तर 30 वर्षं 11 महिने, 62 सहामाह्या, ग्रॅच्युइटी 16,65,320. म्हणजे चार शब्द न लिहिल्याचे 26,860 रुपये, आणि त्याहून वाईट म्हणजे फाइल ऐन वेळी यावरून अडकली असती. सर्टिफिकेट माळ्यावरच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या जुन्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडलं. अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

तर सर्व्हिस बुकात हे बघा: प्रत्येक वर्षाच्या सेवा पडताळणीची नोंद आणि सही आहे का (बदली झालेल्या वर्षात हमखास राहते), बिनपगारी रजा, सस्पेन्शन असेल तर तो काळ कसा धरलाय, संपाचे दिवस, आणि नॉमिनेशन. खरं तर 18 वर्षं सर्व्हिस झाल्यावर आणि पुन्हा रिटायरमेंटच्या 5 वर्षं आधी ऑफिसने तुम्हाला किती सर्व्हिस धरली त्याचं सर्टिफिकेट द्यायला हवं असा नियमच आहे. मिळालं नसेल तर लेखी मागा.

रजा रोखीकरण सोपं आहे, बेसिक अधिक डीए भागिले 30 गुणिले शिल्लक ईएल (अर्जित रजा), जास्तीत जास्त 300 दिवस. ताईच्या 240 आहेत, 8,59,520 येतात, आणि कमी पडणारे दिवस अर्धपगारी रजेतून भरता येतात, दर कमी पडतो एवढंच. जीपीएफ यात मिसळू नका, तो तुमचाच पैसा, वेगळ्या रकान्यात लिहा.

आणखी एक रकाना घरच्यांसाठी करा, बरेच लोक हा टाळतात. फॅमिली पेन्शन शेवटच्या बेसिकच्या 30 टक्के, ताईच्या केसमध्ये 20,400 आणि त्यावर डीआर, म्हणजे 32,232. रिटायर झाल्यावर मृत्यू झाला तर 7 वर्षं किंवा कर्मचाऱ्याच्या वयाची 67 वर्षं होईपर्यंत, जे आधी ते, 30 ऐवजी 50 टक्के. भावजी हा आकडा बघून गप्प बसले होते, पण त्यांनाच तो माहीत हवा.

मग खर्चाची बाजू. घरभाडं आणि वाहतूक भत्ता दुसऱ्या दिवसापासून बंद, पुण्यात ताईचे हेच 26,088 आहेत. मेडिकलसाठी सीजीएचएसचं (केंद्राच्या आरोग्य योजनेचं) आजीवन कार्ड घ्यायचं तर लेव्हल 7 ला महिना 650 प्रमाणे 120 महिन्यांचे 78,000 एकदाच भरायचे, गावी जाऊन राहणार असाल आणि जवळ दवाखाना नसेल तर महिना 1,000 मेडिकल भत्ता. पेन्शन पगारासारखीच टॅक्सेबल असते, पण नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत रिबेट आहे, त्यामुळे नुसत्या 40 हजार पेन्शनवर काही भरावं लागत नाही.

आठव्या वेतन आयोगाचे व्हॉट्सअॅपवरचे आकडे कृपया या कागदात घालू नका. आला तर आनंदच आहे, पण नवं बेसिक ठरलं की डीए पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे वाढीव बेसिक गुणिले 58 टक्के असं जे लोक करतायत ते मुळातच चूक आहे.

1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांसाठी: यूपीएस घेतली असेल तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी बेसिकचे 50 टक्के, पण 25 वर्षं पूर्ण असतील तरच. 23 वर्षं असतील तर 300 पैकी 276 महिने, म्हणजे 46 टक्के, वर डीआर. 10 वर्षं झाली की किमान 10,000. साध्या एनपीएसमध्ये असा फॉर्म्युलाच नाही, खात्यातल्या रकमेच्या किमान 40 टक्क्यांची अॅन्युइटी (विमा कंपनीकडून दरमहा पैसे देणारी योजना) घ्यावी लागते आणि तिचा त्या दिवशीचा दर जो असेल ती पेन्शन, तीही महागाईने वाढत नाही.

ताईने शेवटी 20 टक्के विकायचं ठरवलंय. तो हिशेब तिने स्वतः केला: 6,800 कापले जाणार, एकरकमी साधारण 6.69 लाख, हातात 46,920. "बघ," म्हणाली, "47 म्हटलं होतं ना मी!"