काडीवरून घसरणारे केक पॉप्स : या चुका टाळा

भाचीच्या वाढदिवसासाठी पहिल्यांदा केक पॉप्स (केकच्या चुऱ्याचे काडीवर लावून चॉकलेटमध्ये बुडवलेले गोळे) केले, तेव्हा २४ पैकी ९ गोळे काडी सोडून चॉकलेटच्या पेल्यात बुडाले. पाहुणे यायला जेमतेम तास उरला होता. त्यानंतर कितीतरी वेळा केले, बिघडले, पुन्हा केले. आता खात्रीने सांगते, दोष बहुतेक वेळा केक मिक्सच्या पाकिटाचा नसतो. एक तर चुरा ओला होतो, नाहीतर गोळ्याचं आणि चॉकलेटचं तापमान जुळत नाही.

फ्रॉस्टिंगचा मारा

हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. तिकडच्या कृतींत साधारण ४३० ग्रॅम मिक्सचा केक आणि त्यात फ्रॉस्टिंगचा, म्हणजे केकवर लावायच्या गोड क्रीमचा, आख्खा डबा, असं प्रमाण बऱ्याचदा दिसतं. तसं केलं की चुऱ्याचा गोड, चिकट लगदा होतो. गोळा जड होतो आणि काडी त्याला पेलत नाही. शिवाय आपल्याकडची पाकिटं लहान-मोठी असतात, त्यामुळे ते माप जसंच्या तसं उचलू नका.

चुऱ्यात आधी दोनच चमचे बटरक्रीम (बटर आणि पिठीसाखर फेटून केलेलं फ्रॉस्टिंग) घाला, बोटांनी चोळा आणि मूठ वळते का बघा. लाडू वळायच्या आधी बघतो ना, अगदी तसंच. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि अंगठ्याने दाबल्यावर न फुटता दबला की थांबायचं. भुगा झाला तर अजून एक चमचा. तळहाताला तुपकट थर लागायला लागला, तर समजा प्रमाण पुढे गेलं. अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून मूठभर चुरा नेहमी बाजूला ठेवते. तो नसेल तर साध्या बिस्किटांचा बारीक चुरा चालतो. दही आणि तेल घालून केलेला बिनअंड्याचा केक मुळातच ओलसर असतो. त्याला कधीकधी एकच चमचा पुरतो.

केक पूर्ण गार झाल्यावरच कुस्करा. कोमट केकमध्ये बटर वितळतं आणि मूठ वळण्याचा अंदाज चुकतो. कडेचा तांबूस, कडक भाग आधी कापून टाका, नाहीतर गोळ्यात खडे लागतात.

गोळा बर्फासारखा, चॉकलेट गरम

घाई असली की आपण गोळे फ्रीझरमध्ये टाकतो आणि तसेच गरम चॉकलेटमध्ये बुडवतो. बाहेरचं कवच लगेच घट्ट होतं, आतला गोळा मात्र गरम होत जातो आणि फुगतो. मग पाच-दहा मिनिटांत वरून खालपर्यंत बारीक तडा जातो. कुठे कवचाला टाचणीएवढं भोक राहिलं असेल, तर तिथून तेलाचा पिवळसर थेंब बाहेर येतो. पुसला तरी पुन्हा येतो.

गोळे थंड हवेत, गोठलेले नकोत. २५ ते ३० ग्रॅमचे गोळे वळून फ्रीजमध्ये दोन तास ठेवा. वेळच नसेल तर १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवून मग फ्रीजमध्ये आणा आणि बुडवायच्या आधी पाच मिनिटं बाहेर राहू द्या. चॉकलेट बोटाला कोमट लागेल इतपतच असावं. तडा गेलाच तर त्यावर चॉकलेटची बारीक रेघ ओढा आणि तशाच रेघा सगळ्या पॉप्सवर ओढा, नक्षीच वाटते.

काडी कोरडी खुपसू नका. टोक सेंटिमीटरभर चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात निम्म्यापर्यंतच घाला आणि काडीभोवतीचं चॉकलेट घट्ट होईपर्यंत हात लावू नका. माझे ते नऊ गोळे याच एका पायरीवर गेले होते.

चॉकलेट घट्ट, रवाळ होणं

घरी कंपाउंड चॉकलेटच वापरा, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती तेल घालून केलेलं. खऱ्या, कोको बटरच्या चॉकलेटला टेम्परिंग, म्हणजे ठराविक तापमानाला वितळवून थंड करणं, करावं लागतं, नाहीतर त्यावर पांढुरके डाग उठतात. कंपाउंडचा मुख्य शत्रू पाणी. ओला चमचा, डबल बॉयलरची (गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्याची) वाफ, एवढंसं निमित्त पुरतं आणि सगळं चॉकलेट गोळा होऊन बसतं. पातळ करायला दूध घालू नका, बटरही नको, कारण त्यातही पाणी असतं. २०० ग्रॅमला एक छोटा चमचा बिनवासाचं तेल घाला. साधा पाण्यातला खाद्यरंगही तेच नुकसान करतो. चॉकलेटसाठी तेलातला किंवा पावडरचा रंग मिळतो, तो आणा. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी ढवळून. एकदम दोन मिनिटं लावलं तर करपतं. पाण्याने बिघडलेलं चॉकलेट फेकू नका, गरम साय किंवा दूध घालून त्याचा सॉस करा. पॉप्ससाठी मात्र नवं वितळवा.

बुडवायला पसरट वाटीऐवजी उंच, अरुंद पेला घ्या. सरळ आत, एकदाच, काडीचा सांधा झाकेपर्यंत, आणि सरळ बाहेर. आत गोल फिरवलं की गोळा सुटतो. बाहेर काढल्यावर काडी तिरकी धरून मनगटावर हलके ठोके द्या, जास्तीचं चॉकलेट आपोआप निथळतं. स्प्रिंकल्स लगेच टाका, कवच सुकल्यावर चिकटत नाहीत. मग काड्या थर्माकोलमध्ये उभ्या रोवा. भोकं आधीच करून ठेवा, हातात ओला पॉप धरून भोक पाडायला जाल तर कवच हमखास खरचटेल.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात फ्रीजमधून काढलेल्या पॉप्सना पाणी सुटतं आणि रंग ओघळतात. फ्रीजमध्येच हवाबंद डब्यात ठेवा आणि वाढायच्या तासभर आधी डबा न उघडता बाहेर काढा. दंव डब्यावर जमतं, पॉप्स कोरडे राहतात.