मोठ्या रानकोळ्याची नोंद करताय? या चुका टाळा

पाऊस जरा ओसरला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या रानातले नेफिला पिलिपेसचे, म्हणजे जायंट वुड स्पायडरचे, फोटो ग्रुपवर येऊ लागतात. खाली ओळ ठरलेली: ‘बेळगाव येथे आढळला.’

बेळगावात कुठे? नेहमीचा घोळ असा. फोटो कणकुंबीच्या पुढे काढलेला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला जातो, मित्र बेळगाव शहरात, टिळकवाडीतल्या घरातून आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) चढवतो. साधा फोटो पाठवला की त्यातलं जीपीएस गळतं, मग नकाशावरची पिन अंदाजानं पडते ती थेट शहरावर. नकाशा बघणाऱ्याच्या लेखी घाटातला कोळी टिळकवाडीच्या परसात! चोर्ला घाटात तर कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र भिडलेत. पिन थोडी सरकली तरी राज्य बदलतं. रानात शिरण्याआधी कॅमेऱ्याचं लोकेशन चालू करा. फोटो पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. रेंज नसेल तर अक्षांश-रेखांश जागीच वहीत उतरवा. घरी गेल्यावर आठवेल, हा भ्रम आहे.

‘अधिवास: जंगल’ एवढ्यानं काहीच कळत नाही. जाळं पायवाटेवर आहे, ओढ्यावर, की दोन झाडांच्या फटीत? फट किती रुंद, जाळ्याचा मध्य जमिनीपासून किती उंच, दोर कशाला बांधलेत, ऊन येतं का, एवढं लिहा. मध्य बहुधा वरच्या बाजूला सरकलेला असतो, म्हणून खालची कड मोजून उंची ठोकून देऊ नका. रेशमाची सोनेरी झाक तिरप्या उन्हात दिसते.

दुसरी हट्टी चूक म्हणजे ‘आई आणि पिल्लं’. मादीचं अंग ३ ते ५ सेंमी, नर जेमतेम अर्धा सेंमी. जाळ्यावरचा तो बारका तांबूस जीव बहुतेक नरच. चंदेरी ठिपके दिसले तर ते आर्जिरोडिस, दुसऱ्याच्या जाळ्यातलं खाणं चोरणारे कोळी. पिल्लं तिथं कशी असतील? ही मादी अंडी जमिनीतल्या खळग्यात घालून पालापाचोळ्यानं झाकते.

जाळ्यात नागमोडी पांढरी नक्षी असेल तर तो बहुधा जायंट वुड नव्हे, सिग्नेचर स्पायडर.

हा कोळी पावसानंतर दिसतो; एप्रिलमध्ये फिरून ‘इथं नाही’ लिहू नका. अथणीकडच्या कोरड्या माळावर अर्धा तास घालवून तर मुळीच नाही. किती वेळ, किती अंतर, कुठल्या महिन्यात शोधलं, ते सोबत लिहा.

जाळं उठून दिसावं म्हणून पीठ उडवणाऱ्यांनी कॅमेरा घरीच ठेवावा.